लससक्ती, श्रद्धा आणि एचआरची फाइल

अमेरिकेत कोविडची लससक्ती बहुतेक सगळीकडून उठली, तरी तिच्यावरून उभे राहिलेले खटले अजून संपलेले नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरातील ‘बार्ट’ या लोकल रेल्वेसेवेच्या सहा माजी कर्मचाऱ्यांना ज्यूरीने एकूण ७० लाख डॉलरहून अधिक भरपाई मंजूर केली. पुढच्याच महिन्यात डेट्रॉइटमधील दुसऱ्या एका ज्यूरीने मिशिगनच्या ब्लू क्रॉस ब्लू शील्ड या आरोग्यविमा कंपनीतून काढून टाकलेल्या एका कॅथलिक महिलेच्या बाजूने सव्वा कोटी डॉलरच्या वर रक्कम ठरवली. या सर्वांनी धार्मिक कारणावरून लस नाकारली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये मात्र वॉशिंग्टन राज्यातील स्नोहोमिश भागातले अग्निशामक दलाचे जवान तसाच आक्षेप घेऊन अपिलात गेले आणि हरले. आक्षेप एकच, कायदाही एकच, मग एकाला कोट्यवधी आणि दुसऱ्याला काहीच नाही, हे कसे, असा प्रश्न वाचकाला पडला तर त्यात नवल नाही.

अमेरिकेत रुग्णालयांत, आयटी कंपन्यांत, विद्यापीठांत नोकरी करणारी मराठी माणसे पुष्कळ आहेत आणि त्यांच्या बोलण्यात या वादासंबंधीची दोन वाक्ये हमखास येतात. पहिले वाक्य म्हणजे ‘माझ्या धर्मात बसत नाही असे लिहून दिले की झाले’ आणि दुसरे म्हणजे ‘लस घेतली का हे विचारणेच बेकायदा आहे, हा हिपाचा (वैद्यकीय माहितीच्या गोपनीयतेसंबंधीच्या अमेरिकी कायद्याचा) भंग आहे’. पहिले वाक्य अर्धे खरे आहे, तर दुसरे जवळजवळ पूर्ण खोटे आहे. या दोन्हींचा एकमेकांशी जो संबंध आहे, त्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. सूट मागणाऱ्याला स्वतःबद्दल बरेच काही मालकाला सांगावे लागते, आणि सूट जितकी मोठी, तितके ते सांगणेही वाढत जाते.

मालकाला लस सक्तीची करता येते का?

येते. अमेरिकेत मोंटाना सोडल्यास इतर राज्यांत खासगी नोकरीचा मूळ नियम असा, की करारात वेगळे काही नसेल तर मालक कोणत्याही बेकायदा नसलेल्या कारणाने नोकरीवरून काढू शकतो आणि नोकरालाही केव्हाही सोडून जाता येते. लस घेतली नाही हे कारण मुळात बेकायदा नाही. काही राज्यांनी नंतर वेगळे कायदे करून मालकांचे हात बांधले; मोंटानाने २०२१ मध्ये लसीकरणाच्या स्थितीवरून भेदभाव करण्यालाच बंदी घातली. परंतु असा राज्याचा कायदा नसेल तेथे मूळ नियम लागू राहतो.

या चर्चेत १९०५ सालच्या जेकबसन खटल्याचा दाखला नेहमी दिला जातो, आणि तो बहुधा चुकीच्या जागी दिला जातो. मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे देवीची साथ असताना शहराच्या आरोग्य मंडळाने सर्व प्रौढांना लस टोचून घेण्याचा हुकूम काढला होता. हेनिंग जेकबसन यांनी नकार दिला, त्यांना पाच डॉलर दंड झाला आणि प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने दंड कायम केला. हे जेकबसन स्वतः धर्मोपदेशक होते, तरीही त्यांनी भांडण धर्मावर उभे केले नव्हते. आपल्या व्यक्तिस्वातंत्र्यावर आक्रमण होते, असा त्यांचा दावा होता. तो निकाल सरकारच्या अधिकाराबद्दल आहे. तुमच्या कंपनीच्या एचआर विभागाला त्यातून कोणताही अधिकार मिळत नाही आणि त्याचा कोणता अधिकार त्यामुळे जातही नाही.

सरकारच्या अधिकारालाही मर्यादा असते, हे १३ जानेवारी २०२२ रोजी दिसले. शंभर किंवा अधिक कर्मचारी असलेल्या सर्व कंपन्यांनी एक तर लस घ्यायला लावावी, नाही तर दर आठवड्याला चाचणी आणि मास्क सक्तीचे करावेत, असा नियम केंद्रीय कामगार सुरक्षा खात्याने काढला होता आणि सुमारे ८ कोटी ४० लाख कामगार त्याखाली येत होते. सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी त्याला स्थगिती दिली. कामाच्या ठिकाणचे धोके हा या खात्याचा विषय आहे, सर्व समाजाचे आरोग्य नाही, असे कारण त्यासाठी दिले. त्याच दिवशी, ५ विरुद्ध ४ मतांनी, सरकारी आरोग्यविम्याचा पैसा घेणाऱ्या रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांवरची लससक्ती मात्र चालू ठेवली. बातम्यांत ‘लससक्ती रद्द’ एवढेच आल्यामुळे कंपन्यांनी स्वतःहून घातलेली सक्तीही रद्द झाली, असा अनेकांचा समज झाला. तसे झाले नव्हते.

मग धर्माचा संबंध कुठे येतो?

तो १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातून येतो. त्याचे ‘टायटल ७’ हे प्रकरण पंधरा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाला लागू होते आणि धर्मावरून भेदभाव करण्यास मनाई करते. १९७२ च्या दुरुस्तीने त्यात एक कर्तव्य घातले: कर्मचाऱ्याच्या श्रद्धेचा आणि कामाच्या नियमाचा खटका उडत असेल तर मालकाने त्याची वाजवी सोय केली पाहिजे, मात्र त्यातून धंद्याला अवाजवी अडचण होत असेल तर नाही. ‘वाजवी सोय’ आणि ‘अवाजवी अडचण’ या दोन शब्दप्रयोगांवर पुढचा सगळा वाद उभा आहे, म्हणून ते लक्षात ठेवावेत. पंधराची अट आहे हेही विसरू नये. चार-पाच माणसांवर चालणाऱ्या दुकानाला हा केंद्रीय कायदा लागू होत नाही, राज्याचा असल्यास तो पाहावा लागतो.

आता ‘धर्म’ कशाला म्हणायचे? आपल्याकडे हा प्रश्न विचारला की ग्रंथ, पंथ, गुरू, परंपरा असे काही डोळ्यांसमोर येते. अमेरिकी कायदा यांतले काहीच मागत नाही. श्रद्धा प्रामाणिक हवी आणि ती धार्मिक स्वरूपाची हवी, एवढेच त्याला पुरते. १९८१ चा थॉमस खटला यासाठी पाहण्यासारखा आहे. इंडियाना राज्यात यहोवाचा साक्षीदार या पंथाचा एक कामगार ओतशाळेत पोलादाचे पत्रे तयार करी. त्याची बदली रणगाड्यांचे बुरूज बनवणाऱ्या विभागात झाली, तेव्हा त्याने श्रद्धेचे कारण देऊन नोकरी सोडली. त्याच पंथाच्या दुसऱ्या सहकाऱ्याला त्या कामात काही गैर वाटत नव्हते. तरीही सर्वोच्च न्यायालयाने नोकरी सोडणाऱ्याच्या बाजूने कौल दिला आणि सांगितले की श्रद्धेला संरक्षण मिळण्यासाठी ती इतरांना पटणारी, तर्कशुद्ध किंवा सुसंगत असलीच पाहिजे असे नाही, आणि पंथातील सर्वांची ती असली पाहिजे असेही नाही.

यामुळेच ‘खुद्द पोपनी लस घेतली, मग तुम्हा कॅथलिकांना काय अडचण आहे?’ हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटला, तरी न्यायालयात टिकत नाही. न्यूयॉर्क शहराने शिक्षकांच्या सूट-अर्जांसाठी सुरुवातीला जवळजवळ असाच निकष लावला होता: धर्मगुरूचे पत्र आणावे, आणि ज्या धर्माच्या प्रमुखांनी लशीला जाहीर पाठिंबा दिला आहे त्याच्या अनुयायांना सूट देऊ नये. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेथील केंद्रीय अपील न्यायालयाने ही पद्धत घटनेच्या कसोटीवर टिकण्याची शक्यता नाही असे म्हटले. कोणाचा धर्म खरा आणि कोणाचा पुस्तकाबाहेरचा हे सरकारने ठरवायचे नसते, असा त्याचा रोख होता.

शाकाहारी वाचकांना आणखी एक प्रकरण जवळचे वाटेल. सिनसिनाटीच्या एका बालरुग्णालयातील कर्मचारी महिलेने फ्लूची लस नाकारली, कारण ती कोंबडीच्या अंड्यात वाढवली जाते आणि ती स्वतः कोणताही प्राणिजन्य पदार्थ वापरत नसे. रुग्णालयाने तिला कामावरून काढले. हा आहाराचा प्रश्न आहे, धर्माचा नाही, असे म्हणून दावा सुरुवातीलाच फेटाळावा, ही रुग्णालयाची मागणी २०१२ मध्ये न्यायालयाने अमान्य केली. इतक्या निष्ठेने पाळलेले तत्त्व धार्मिक श्रद्धेच्या तोडीचे असू शकते, असे त्याला वाटले. दावा सुरुवातीला न फेटाळणे म्हणजे जिंकणे नव्हे, हे येथे सांगितले पाहिजे. पण अहिंसेचे व्रत पाळणाऱ्या एखाद्या जैन कुटुंबाला हा युक्तिवाद समजावून सांगावा लागणार नाही.

दुसऱ्या बाजूला फिलाडेल्फियातील एका रुग्णालयाचा कर्मचारी २०१७ मध्ये हरला. ‘स्वतःच्या शरीराला इजा करू नये’ असे त्याचे तत्त्व होते आणि फ्लूच्या लशीने इजा होते असे त्याचे मत होते. अपील न्यायालय म्हणाले की यांतले दुसरे विधान वैद्यकीय आहे, आणि ते चूक की बरोबर हे विज्ञान सांगेल. त्याभोवती तत्त्वाचा एक शब्द गुंडाळला म्हणून ते धार्मिक होत नाही. बहुसंख्य फेटाळलेले दावे याच ठिकाणी अडखळले आहेत. ‘लशीची पुरेशी चाचणी झालेली नाही’, ‘सरकारने मला सांगू नये’, ‘माझे शरीर, माझा निर्णय’ ही मते आहेत, कदाचित मनापासूनची आहेत, पण टायटल ७ मतांना संरक्षण देत नाही.

श्रद्धा खरी की सोयीची, हे कोण तपासणार?

येथे मालकाला तारेवरची कसरत करावी लागते. रोजगारातील भेदभावावर देखरेख करणाऱ्या केंद्रीय आयोगाचे मार्गदर्शन असे, की कर्मचाऱ्याने श्रद्धा सांगितली की ती प्रामाणिक आहे असेच सर्वसाधारणपणे धरून चालावे; शंका घेण्यास वस्तुनिष्ठ कारण असेल तर मर्यादित चौकशी करावी. अर्ज नेमक्या कोणत्या वेळी आला, आधीचे वागणे कसे होते, सूट ही अन्य कारणांनीही हवीहवीशी आहे का, या गोष्टी पाहता येतात. परंतु माणसाची श्रद्धा बदलू शकते, त्यामुळे काल लस घेतली होती म्हणून आज नकार देणारा खोटारडा, असे सरळ म्हणता येत नाही.

कोविडच्या काळात सर्वाधिक अर्ज एका विशिष्ट मुद्द्यावर आले. प्रयोगशाळांत काही पेशी पिढ्यान् पिढ्या वाढवल्या जातात, त्यांना पेशीवंश म्हणतात. त्यांतला एक, एचईके-२९३, हा १९७३ मध्ये नेदरलँड्समध्ये गर्भपात झालेल्या एका गर्भाच्या मूत्रपिंडाच्या पेशींपासून तयार झाला असे मानले जाते. फायझर आणि मॉडर्ना यांनी तो लशीच्या चाचणीत वापरला. जॉन्सन अँड जॉन्सनने अशाच दुसऱ्या पेशीवंशाचा उपयोग प्रत्यक्ष उत्पादनात केला. टोचल्या जाणाऱ्या लशीत गर्भाच्या पेशी नसतात. तरीही, गर्भपाताला पाप मानणाऱ्या काही ख्रिस्ती लोकांना हा दूरचा संबंधही नकोसा वाटला. व्हॅटिकनने डिसेंबर २०२० मध्येच स्पष्ट केले होते की दुसरा पर्याय नसताना अशा लशी घेणे नैतिकदृष्ट्या मान्य आहे. पण त्याच निवेदनात लसीकरण सर्वसाधारणपणे ऐच्छिक असावे असेही होते. अर्जदार दुसरे वाक्य दाखवत, मालक पहिले.

आर्कन्सॉ राज्यातील कॉनवे रीजनल या आरोग्यसंस्थेने २०२१ मध्ये यावर एक तोडगा काढला, तो फार गाजला. गर्भपेशींच्या मुद्द्यावर सूट मागणाऱ्या कर्मचाऱ्यापुढे संस्थेने एक प्रतिज्ञापत्र ठेवले. त्यात विकासाच्या किंवा चाचणीच्या टप्प्यावर तसेच पेशीवंश वापरले गेल्याचे संस्थेचे म्हणणे असलेल्या औषधांची लांबलचक यादी होती: टायलेनॉल, अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, टम्स, पेप्टो-बिस्मॉल, बेनाड्रिल, क्लॅरिटिन. म्हणजे घरोघरी ताप, पित्त आणि सर्दीवर घेतली जाणारी औषधे. माझी श्रद्धा प्रामाणिक आहे आणि ती एकसारखी पाळली जाते, म्हणून यांपैकी काहीही मी वापरत नाही आणि वापरणार नाही, अशा मजकुराखाली सही करायची होती.

तोडगा चतुर होता यात वाद नाही. मला मात्र तो आवडला नाही, आणि त्याचे कारण धर्माशी निगडित नाही. श्रद्धेची कसोटी घेण्याच्या निमित्ताने मालकाने कर्मचाऱ्याच्या घरातील औषधांच्या कपाटापर्यंत हात घातला. डोकेदुखीवर काय घेता, अ‍ॅलर्जी आहे का, पोटाचा त्रास आहे का, हे एरवी ज्याला विचारता आले नसते, त्याने ते सहीनिशी लिहून घेतले. अपंगत्वासंबंधीच्या कायद्यात मालकाला असे वैद्यकीय प्रश्न विचारण्यावर बंधने आहेत, ती पुढे येतीलच. थॉमस खटल्याने श्रद्धेत सुसंगती असलीच पाहिजे असे नाही असे सांगितले असताना, सुसंगतीचीच अशी परीक्षा घेणे कितपत योग्य, हाही प्रश्न उरतोच.

सोय किती करायची?

श्रद्धा मान्य झाली म्हणजे सूट मिळालीच असे नाही, आणि सुरुवातीला सांगितलेल्या निकालांतला फरक नेमका येथे पडतो. १९७७ च्या हार्डिसन निकालाने मालकाचे काम फार सोपे करून ठेवले होते: नगण्यापेक्षा थोडा जास्त खर्च आला तरी ती अवाजवी अडचण, असा त्याचा अर्थ सेहेचाळीस वर्षे लावला गेला. २९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने हा अर्थ बदलला. त्या खटल्यातला फिर्यादी पेनसिल्व्हेनियातील टपाल कर्मचारी होता आणि त्याचा आक्षेप रविवारी पार्सले वाटण्याला होता. लशीचा तेथे काही संबंध नव्हता. पण त्यातून निघालेला नियम सर्वांना लागू झाला: मालकाच्या त्या विशिष्ट धंद्याचा विचार करता खर्च लक्षणीय वाढत असेल, तरच सोय नाकारता येईल. सहकारी कुरकुर करतात किंवा त्यांना त्या धर्माचा राग येतो, हे कारण चालणार नाही.

आता उदाहरणे पाहू. मिशिगनची ती विमा कंपनीतील महिला आयटीचे काम करत होती आणि महासाथीच्या काळात पूर्णपणे घरून काम करत होती. घरी बसून संगणकावर काम करणाऱ्या व्यक्तीने लस न घेतल्याने कंपनीला कोणती लक्षणीय अडचण झाली, हे ज्यूरीला पटवणे अवघडच होते. बार्टने काही कर्मचाऱ्यांची श्रद्धा मान्य केली, पण चाचणी, मास्क, वेगळी पाळी असली कोणतीही सोय कोणालाच दिली नाही; हे शक्यच नव्हते, असे ज्यूरीला वाटले नाही. अग्निशामक जवान मात्र एकाच केंद्रात झोपतात, एकत्र जेवतात आणि आजारी माणसाला उचलून रुग्णवाहिकेत घालतात. त्यांच्यात साथ पसरली तर पाळ्या भरायला माणसे उरत नाहीत, हा धोका अपील न्यायालयाने अवाजवी अडचण मानला. बॉस्टनच्या एका दूरचित्रवाणी वाहिनीच्या छायाचित्रकाराचाही दावा जानेवारी २०२५ मध्ये असाच फेटाळला गेला, कारण त्याचे काम लोकांत मिसळून करण्याचे होते. आक्षेप सर्वांचे मिळतेजुळते होते, कामे वेगळी होती.

मोठमोठ्या आकड्यांबद्दल एक खुलासा येथेच करतो. टायटल ७ खाली मानसिक त्रासाची भरपाई आणि दंडात्मक रक्कम या दोन्हींवर मिळून, सर्वांत मोठ्या कंपन्यांसाठीही, ३ लाख डॉलरची मर्यादा आहे. बुडालेला पगार त्यात धरला जात नाही आणि राज्याच्या कायद्याखालील दावा वेगळा असू शकतो. त्यामुळे ज्यूरीने जाहीर केलेला आकडा आणि शेवटी हातात पडणारी रक्कम एकच असेल असे समजू नये.

‘लस घेतली का’ हे विचारणे हिपाचा भंग आहे का?

नाही. हिपा हा १९९६ चा कायदा आहे आणि तो डॉक्टर, रुग्णालये, विमा योजना आणि त्यांच्यासाठी माहिती हाताळणाऱ्या संस्था यांना बांधतो. फॅमिली डॉक्टरने तुमचे दुखणे शेजाऱ्याला सांगितले तर तो विश्वासघात होतो. शेजाऱ्याने ते तुम्हालाच विचारले तर फार तर आगाऊपणा होतो, आणि उत्तर द्यायचे की नाही हे तुमच्या हातात असते. हिपा पहिली गोष्ट थोपवतो, दुसरी नाही. मालक म्हणून विचारणारी कंपनी हिपाच्या कक्षेत येत नाही, मग ती कंपनी स्वतः रुग्णालय का असेना. रुग्णांच्या नोंदींना तेथे हिपा लागू होतो, नोकरीच्या नोंदींना नाही. केंद्रीय आरोग्य खात्याने सप्टेंबर २०२१ मध्ये हे लेखी स्पष्ट केले, तरी गैरसमज अजून टिकून आहे.

खरे संरक्षण १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्यात आहे, ज्याला तिकडे सगळे एडीए म्हणतात. त्यानुसार, कर्मचाऱ्याला आजार किंवा अपंगत्व उघड होईल असे प्रश्न विचारायचे तर ते कामाशी संबंधित आणि धंद्यासाठी आवश्यक असावे लागतात. लस घेतली का, हा प्रश्न या प्रकारात बसत नाही, कारण ‘नाही’ या उत्तरामागे शेकडो कारणे असू शकतात. पण त्यालाच जोडून ‘का नाही घेतली?’ असे विचारले की परिस्थिती बदलते, कारण उत्तर ‘माझ्यावर कर्करोगाचे उपचार चालू आहेत’ असे असू शकते. लस टोचण्यापूर्वीच्या प्रश्नावलीतही हेच होते: मालकानेच लस देण्याची व्यवस्था केली असेल आणि ती सक्तीची असेल, तर त्या प्रश्नांना एडीएची अट लागते. घरच्यांच्या आनुवंशिक आजारांची चौकशी तर २००८ च्या वेगळ्या कायद्याने थांबवली आहे.

लसीचे प्रमाणपत्र मालकाने घेतले, तर ती गोपनीय वैद्यकीय माहिती ठरते. ती कर्मचाऱ्याच्या नेहमीच्या फाइलीत, बढती आणि रजेच्या कागदांबरोबर लावता येत नाही. तिची फाइल वेगळी ठेवावी लागते आणि ती कोणी पाहायची यावर मर्यादा असते. वरिष्ठाला कामापुरती आवश्यक बंधने आणि सोयी सांगता येतात, त्यामागचे निदान सांगायचे नसते.

वैद्यकीय सूट आणि धार्मिक सूट यांत फरक पडतो तो येथे

वैद्यकीय कारणाने सूट मागणाऱ्याचा कागद एडीएच्या वेगळ्या फाइलीत जातो. धार्मिक सूट मागणाऱ्याने आपल्या प्रार्थनेबद्दल, गर्भपातावरील मतांबद्दल, चर्च किंवा मंदिरात जाण्याबद्दल लिहिलेली दोन पाने मात्र वैद्यकीय माहिती नसतात, आणि टायटल ७ मध्ये वेगळ्या फाइलीचे असे कलम नाही. शहाणी कंपनी ती पानेही कुलपातच ठेवते; पण ते तिच्या शहाणपणावर अवलंबून असते. म्हणजे आजार मालकापासून झाकला जातो आणि श्रद्धा मात्र उघडी पडते. या सगळ्या विषयात मला सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट कोणती, असे विचारले तर मी ही सांगेन.

कागद सांभाळला तरी सोय स्वतःच बोलते. सगळे कार्यालय मास्क काढून वावरत असताना एकालाच मास्क आणि दर सोमवारी चाचणी असेल, तर त्याने लस घेतलेली नाही हे सांगायला फाइल उघडावी लागत नाही. प्रकरण न्यायालयात गेले तर आणखी खोल जावे लागते. श्रद्धा प्रामाणिक होती का हाच वादाचा मुद्दा असल्यामुळे, समोरचा वकील जुन्या लसींच्या नोंदी आणि समाजमाध्यमांवरील जुना मजकूर मागतो. तीन वर्षांपूर्वी लशीच्या राजकारणावर केलेली एखादी शेरेबाजी धर्माच्या युक्तिवादाला छेद देऊ शकते.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: सहकाऱ्याला लागण होऊ नये, हा इतरांचा हक्क नाही का? आहे, आणि तो अवाजवी अडचणीच्या मोजमापातच येतो. अग्निशामक जवान हरले ते त्यामुळेच. पण शेजारच्या टेबलावरील व्यक्तीने लस घेतली की नाही हे नावानिशी कळावे, असा हक्क त्यातून निघत नाही. सहकाऱ्याला सुरक्षित जागा मागता येते, दुसऱ्याचा वैद्यकीय तपशील नाही.

भारतात धार्मिक सूट मागता येते का?

भारतात खासगी नोकरीसाठी टायटल ७ सारखा, धार्मिक सोय करायला लावणारा कायदा नाही. संविधानाच्या अनुच्छेद २५ मधील धर्मस्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांना अधीन राहूनच दिलेले आहे. ‘आरोग्य’ हा शब्द तेथे स्पष्टपणे लिहिलेला आहे. त्यामुळे आपल्याकडील लढाई धर्माच्या वाटेने गेली नाही, ती अनुच्छेद २१ मधील जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या वाटेने गेली. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती नागेश्वर राव आणि भूषण गवई यांच्या खंडपीठाने जेकब पुलियेल प्रकरणात सांगितले की कोणालाही बळजबरीने लस टोचता येणार नाही. मात्र समाजाच्या आरोग्यासाठी सरकार निर्बंध घालू शकते, जर ते गोपनीयतेच्या हक्कावरील २०१७ च्या पुट्टस्वामी निकालातील कसोट्यांना उतरत असतील. कायद्याचा आधार, वैध हेतू आणि हेतूच्या प्रमाणात निर्बंध, अशा त्या कसोट्या आहेत. लस न घेतलेल्यांकडून घेतलेल्यांपेक्षा जास्त संसर्ग होतो असा पुरावा समोर न आल्यामुळे, राज्य सरकारे आणि खासगी संस्थांनी त्या वेळचे निर्बंध मागे घेण्याचा विचार करावा, असे खंडपीठाने सुचवले.

श्रद्धा सिद्ध करायची गरज नसल्यामुळे भारतात अर्जदाराला आपले मन उघडे करावे लागले नाही, हे खरे. पण गोपनीयतेचे काय झाले ते पाहावे. जून २०२१ मध्ये मेघालय उच्च न्यायालयाने सक्तीचे लसीकरण बेकायदा ठरवले, आणि त्याच प्रकरणात दुकाने, टॅक्सी, रिक्षा यांच्यावर कर्मचाऱ्यांचे लसीकरण झाले की नाही याची ठळक पाटी लावण्यास सांगितले. मुंबईत १५ ऑगस्ट २०२१ पासून लोकलचा पास दोन मात्रा घेऊन चौदा दिवस झालेल्यांनाच मिळू लागला, आणि प्रमाणपत्र स्टेशनवरच्या खिडकीत दाखवणे हा प्रवासाचा भाग झाला. वैद्यकीय माहिती दाखवतो आहोत, ही भावना रांगेतल्या फारशा कोणाला असेल असे वाटत नाही. कार्यालयांनी मागवलेली प्रमाणपत्रे तर ईमेलने, काही ठिकाणी टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर गेली. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात नोकरीशी संबंधित कारणांसाठी मालकाला संमतीशिवायही माहिती वापरण्याची मुभा आहे, आणि आरोग्यविषयक माहितीसाठी वेगळा, अधिक कडक वर्ग त्या कायद्याने ठेवलेला नाही.

ज्यांना अमेरिकेत कायमचे राहायचे आहे, त्यांच्यासाठी एक गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे, कारण ती नोकरीतील नियमाशी हमखास गोंधळली जाते. ग्रीन कार्डच्या वैद्यकीय तपासणीत ठरावीक लसींची यादी असते आणि तेथेही धार्मिक किंवा नैतिक कारणाने सूट मागता येते. पण तिची अट कडक आहे: अर्जदाराचा विरोध कोणत्याही स्वरूपातील सर्व लसींना असला पाहिजे, एखाद्या विशिष्ट लशीपुरता आक्षेप चालत नाही. टायटल ७ खाली एकाच लशीला घेतलेला प्रामाणिक धार्मिक आक्षेप पुरतो. नोकरीत कोविडच्या लशीवर गर्भपेशींचा मुद्दा मांडून सूट मिळवलेल्या माणसाने तोच अर्ज इमिग्रेशनच्या फॉर्मला जोडला, तर तो तेथे नामंजूर होईल.

कोविडची सक्ती संपली तरी रुग्णालयांतील फ्लूच्या लशीची सक्ती अनेक ठिकाणी चालू आहे, त्यामुळे हे अर्ज दर हिवाळ्यापूर्वी भरले जातात. अर्ज लिहिताना श्रद्धा कोणती आणि तिचा लशीशी खटका कुठे उडतो, एवढे नेमके लिहावे. इंटरनेटवरून उतरवलेला तयार मसुदा जोडू नये, कारण एकाच शब्दांतले दहा अर्ज एचआरच्या टेबलावर आले की शंका घ्यायला तेच वस्तुनिष्ठ कारण पुरते. वैद्यकीय कारणही असेल तर ते धार्मिक अर्जात मिसळू नये. त्याचा फॉर्म वेगळा मागून घ्यावा, म्हणजे तो वेगळ्या फाइलीत जाईल.